विश्लेषण : शब्दांतली भीती चित्रात कशी उतरते? बाबूराव पेंटरांनी शतकापूर्वी शोधलेली वाट

गाजलेल्या भयकथांना ग्राफिक कादंबरीचे रूप देण्याचे प्रयोग जगभर होत आहेत. लेखकाने शब्दांत दडवून ठेवलेली भीती चित्रात किती दाखवायची आणि किती झाकायची, हा त्यातला सर्वांत कठीण प्रश्न. कोल्हापूरच्या एका पडदे रंगवणाऱ्या चित्रकारासमोर हाच प्रश्न १९२०मध्ये उभा राहिला होता. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी त्याचे काय उत्तर शोधले, त्याची कोणती किंमत मोजली आणि आजच्या चित्रकाराला त्यातून काय घेता येईल?

भयकथा चित्रात आणणे अवघड का?

कथा वाचताना भूत वाचकाच्या डोक्यात तयार होते. लेखक फक्त कडीचा आवाज, पायरीवरची ओल, बंद खोलीतला वास एवढेच सांगतो. उरलेले वाचक स्वतःच्या भीतीतून भरून काढतो. चित्रकाराला ही सोय नसते. त्याला दाराचा रंग ठरवावा लागतो, उजेड कुठून येतो ते ठरवावे लागते आणि दारामागे जे आहे ते कधी दाखवायचे याचाही निर्णय घ्यावा लागतो. लवकर दाखवले तर भीती विरते, दाखवलेच नाही तर वाचकाला फसवल्यासारखे वाटते.

ग्राफिक कादंबरीत कथा चौकटींमधून पुढे सरकते. दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेत काय घडले, हे वाचक मनात जोडून घेतो. भयकथेचा खरा खेळ याच मोकळ्या जागेत असतो. मूकपटाचीही जात हीच होती. चित्रामागून चित्र, मध्ये मजकुराची पाटी आणि उरलेले काम प्रेक्षकाचे. म्हणूनच मराठी मुलखात साहित्यातली भयंकर कथा चित्रमालिकेत आणण्याचा प्रश्न कोणी आधी सोडवला, हे शोधू लागल्यावर वाट कोल्हापूरकडे वळते.

बाबूराव पेंटर कोण होते?

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घर कारागिरांचे. वडील सुतारकाम, लोहारकाम आणि कोरीवकामात वाकबगार. बाबूरावांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही, चित्रकला आणि शिल्पकला ते घरातच आणि स्वतःच्या मेहनतीने शिकले. नात्याने भाऊ असलेले आनंदराव हे त्यांचे जोडीदार. दोघे मिळून नाटकांचे पडदे रंगवू लागले आणि ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव होऊन बसले.

तो काळ संगीत नाटकांचा. राजवाडा, जंगल, देऊळ, रस्ता हे सगळे रंगमंचावर कापडी पडद्यावर उभे राहत असे. १९१०नंतरच्या पाच-सहा वर्षांत पेंटर बंधूंचे नाव पश्चिम भारतातल्या नाटक कंपन्यांत आदराने घेतले जाऊ लागले. केशवराव भोसले यांच्या ‘ललितकलादर्श’सारख्या मंडळींसाठी त्यांनी पडदे रंगवले. सपाट कापडावर खोली भासवणे, कुठे सावली टाकली म्हणजे दालन मोठे दिसते, कुठला रंग दिव्यात मरतो, हे त्यांना या कामातून उमगत गेले.

रंगवलेल्या पडद्यापासून ते कॅमेऱ्यापर्यंत कसे पोहोचले?

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३मध्ये आला आणि पेंटर बंधूंना हलत्या चित्राने झपाटले. मात्र परदेशी कॅमेरा त्यांच्या आवाक्यात नव्हता. आनंदरावांनी स्वतःच कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला, पण १९१६मध्ये त्यांचे निधन झाले. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून, जुन्या प्रोजेक्टरची रचना समजून घेत, सुटे भाग घडवत त्यांनी १९१८मध्ये चालणारा कॅमेरा उभा केला.

याच सुमारास ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ आकाराला आली. भांडवलासाठी धावून आल्या त्या गायिका तानीबाई कागलकर. राजर्षी शाहू महाराजांचाही या उद्योगाला आश्रय होता. कुस्तीचे खासबाग मैदान आणि त्याला लागून पॅलेस थिएटर उभारणाऱ्या या राजाने चित्रकार, गवई आणि पैलवान यांना एकाच शहरात सांभाळले होते. बाबूरावांना नट, कारागीर आणि मल्ल शोधायला शहराबाहेर जावे लागले नाही, हा त्याचाच परिणाम.

पहिल्याच चित्रपटासाठी ‘सैरंध्री’ का?

महाभारताच्या विराटपर्वातली ही कथा. अज्ञातवासात द्रौपदी सैरंध्री बनून विराटाच्या राणीची दासी झाली आहे. राणीचा भाऊ आणि सेनापती कीचक तिच्यामागे लागतो. भर दरबारात तिचा अपमान होतो, कोणी बोलत नाही. शेवटी स्वयंपाकी बनून राहिलेला भीम रात्री नृत्यशाळेत अंधारात दबा धरून बसतो. कीचक सैरंध्री समजून पुढे हात करतो आणि त्याच्या हाताला भलतेच काही लागते.

भयकथेला लागणारे सगळे सामान इथे आहे. रात्र, रिकामे दालन, अंधारातला पलंग आणि वाचकाला ठाऊक असलेले पण पात्राला ठाऊक नसलेले रहस्य. महाकाव्यात भीम कीचकाचे हातपाय धडात दाबून त्याचा गोळा करतो. सकाळी जमलेल्या लोकांना त्या देहाचे डोके कुठले नि पाय कुठले हे कळत नाही, आणि त्यांच्या या गोंधळातूनच श्रोत्याला त्या मृत्यूची कल्पना येते.

मराठी वाचकाला या कथेची आणखी एक बाजू ठाऊक होती. कृ. प्र. खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७मध्ये रंगभूमीवर आले होते. त्यातल्या उन्मत्त कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, असहाय सैरंध्रीत भारत दिसला. सरकारलाही ते दिसले आणि १९१०मध्ये नाटकावर बंदी आली. बाबूरावांनी दहा वर्षांनी हाच विषय पडद्यावर आणायला घेतला, तेव्हा त्यात पौराणिक सुरक्षितता होती तशीच जोखीमही होती.

जोखीम पडद्यामागेही होती. फाळके यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका पुरुषाने केली होती. बाबूरावांनी स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी ‘कमलादेवी’ आणि ‘सुशीलादेवी’ या नावांनी पडद्यावर आल्या. सिनेमात काम करणाऱ्या स्त्रीकडे समाज तेव्हा तुच्छतेने पाहत होता आणि त्याचा त्रास या दोघींना सोसावा लागला. सैरंध्रीचे भय खरे वाटायचे तर सैरंध्री खरी हवी, हा निर्णय चित्रकाराचा असला तरी त्याची किंमत या स्त्रियांनीही चुकवली.

कीचकवधाच्या दृश्यावर कात्री का चालली?

‘सैरंध्री’ फेब्रुवारी १९२०मध्ये पुण्यात झळकला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब होता, की प्रेक्षागृहात काही स्त्रियांना भोवळ आल्याचे सांगितले जाते. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांचा ‘सिनेमा केसरी’ या किताबाने गौरव केला. दुसरीकडे सेन्सॉरने तोच भाग गाळायला लावला. १९१८च्या कायद्यानुसार चित्रपट परीक्षणाची मंडळे नुकतीच उभी राहत होती आणि भारतीय चित्रपटावर कात्री चालल्याच्या अगदी सुरुवातीच्या घटनांत ‘सैरंध्री’चे नाव घेतले जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. महाभारतातला कीचकवध कीर्तनात, प्रवचनात, पोथीत शतकानुशतके ऐकला जात होता. त्यावर कोणाला भोवळ आली नव्हती. राजा रविवर्मा यांनी कीचक आणि सैरंध्री चित्रात आणले होते, पण त्यांनी निवडला तो धमकीचा क्षण, वधाचा नव्हे. बाबूरावांनी एका क्षणाऐवजी पूर्ण क्रम दाखवला, वध घडत असताना प्रेक्षकाला तिथे बसवले. शब्दांत जे ऐकवता येते ते सगळे चित्रात दाखवता येते का, हा वाद मराठी प्रेक्षकांपुढे बहुधा पहिल्यांदाच इतक्या उघडपणे आला.

हा वाद पुढे चित्रकथांच्याही वाट्याला आला. अमेरिकेत १९५०च्या सुमारास भयकथांच्या कॉमिक्सचे पेव फुटले होते. १९५४मध्ये तिथल्या सिनेटच्या समितीपुढे त्यांची झाडाझडती झाली. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि भयकथांची मासिके पटापट बंद पडली.

त्याच महिन्यात बर्लिनमध्ये काय घडले?

‘सैरंध्री’ आला त्याच महिन्यात, २६ फेब्रुवारी १९२० रोजी, बर्लिनमध्ये ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’ प्रदर्शित झाला. तोही चित्रकारांच्या हातून घडलेला भयपट. त्यातली घरे वाकडी, खिडक्या तिरक्या आणि सावल्या चक्क भिंतीवर व जमिनीवर रंगवलेल्या. भीती वाटावी म्हणून जगच मोडून-वाकवून रंगवायचे, ही त्यांची रीत.

कोल्हापूरची रीत नेमकी उलटी होती. बाबूरावांचे अर्धे आयुष्य पडदे रंगवण्यात गेले होते, पण कॅमेऱ्यासमोर मात्र त्यांनी रंगवलेला पडदा नाकारला. त्याऐवजी लाकूड, माती, कापड वापरून खरी खोली असलेले, माणसे वावरलेली वाटावीत असे सेट उभारले. दालन खरे वाटले तरच त्यातला अंधार खरा वाटेल, हा त्यामागचा हिशेब. आजही भयकथा चितारणारे चित्रकार या दोन घराण्यांत विभागलेले दिसतात. काही जण चित्रच भयाण करतात, तर काही जण घर, भांडी, जिना अगदी ओळखीचे काढतात आणि त्यात एकच गोष्ट चुकीची ठेवतात.

कथा चित्रात आणण्याची त्यांची पद्धत काय होती?

बाबूराव चित्रीकरणाआधी कागदावर चित्रपट पाहत. पात्रांचे चेहरे, पोशाख, दागिने, उभे राहण्याची ढब, हालचाली यांची रेखाटने ते स्वतः करत. आज ज्याला स्टोरीबोर्ड म्हणतात, त्याच्या फार जवळचे हे काम.

दुसरी गोष्ट उजेडाची. १९२३चा ‘सिंहगड’ हा हरिभाऊ आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला. कोंढाण्यावरचा हल्ला रात्रीचा. उन्हात चित्रीकरण करून त्याला रात्र म्हणवून घेणे बाबूरावांना पटणारे नव्हते. त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला आणि भारतीय चित्रपटात असा प्रयोग करणाऱ्या पहिल्या दिग्दर्शकांत त्यांची गणना झाली. शिवाजी महाराजांची भूमिकाही त्यांनीच केली. छटा नेमक्या यासाव्यात म्हणून कॅमेऱ्यापुढे निरनिराळे फिल्टर लावून पाहण्याचा त्यांना नाद होता. काळा आणि पांढरा या दोनच रंगांत काम करणाऱ्याला किती प्रकारचे काळे लागते, हे शाईने भयकथा काढणारा कोणताही चित्रकार सांगू शकेल.

तिसरी गोष्ट कागदाची. १९२१-२२च्या सुमारास बाबूरावांनी चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका छापायला सुरुवात केली. पोस्टर तर ते स्वतः रंगवत. १९२३च्या ‘वत्सलाहरण’साठी त्यांनी केलेले सचित्र पोस्टर भारतातल्या पहिल्या पोस्टरांपैकी मानले जाते. १९२४च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर आजही टिकून आहे. संपूर्ण कथेतून एकच क्षण निवडायचा आणि त्यातून उरलेली कथा पाहण्याची ओढ लावायची, हे पोस्टरचे काम. ग्राफिक कादंबरीच्या मुखपृष्ठालाही नेमके हेच करावे लागते.

‘सावकारी पाश’ : भूत नसलेली भयकथा?

बाबूरावांचे सर्वांत धाडसी रूपांतर १९२५मध्ये आले. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा ‘सावकारी पाश’. सावकाराच्या खोट्या कागदात अडकून जमीन गमावलेला शेतकरी गाव सोडतो आणि शहरात गिरणीकामगार होतो, एवढीच गोष्ट. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम.

या चित्रपटातले एक दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहिले. चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनीही त्याची आठवण नोंदवली आहे. मंद उजेडातली एक उदास झोपडी आणि तिच्यापुढे रडणारे कुत्रे. माणूस नाही, मारामारी नाही, रक्त नाही. मूकपट असल्याने कुत्र्याचा आवाजही नाही. तो प्रेक्षकाने स्वतःच ऐकायचा. कुत्रे रडणे म्हणजे काय, हे मराठी खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

‘सैरंध्री’पासून या दृश्यापर्यंत पाच वर्षांचे अंतर आहे. पहिल्यात सगळे दाखवले आणि कात्री लागली. दुसऱ्यात काहीच दाखवले नाही आणि कापण्यासारखे काही उरलेच नाही. तरीही त्याची भीती अधिक टिकली. कीचक एका रात्रीत संपतो. सावकार मात्र सकाळी पुन्हा दारात येतो.

प्रेक्षकांनी मात्र या चित्रपटाकडे पाठ फिरवली. देवादिकांचे चमत्कार आणि ऐतिहासिक लढायांना सरावलेल्या प्रेक्षकाला स्वतःच्याच गावातली भीती पैसे देऊन पाहायची नव्हती. कंपनी चालवायची तर चालणारे विषय घेणे भाग होते आणि बाबूराव पुन्हा पुराणे व इतिहासाकडे वळले.

साथीदार का गेले आणि पुढे काय झाले?

संकटे आधीपासूनच पाठीमागे होती. १९२२मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले आणि कंपनीचा मोठा आधार गेला. त्याच सुमारास लागलेल्या आगीत कंपनीचे मोठे नुकसान झाले. बाबूरावांचा स्वभाव मनासारखे होईपर्यंत न थांबणाऱ्या कारागिराचा. कामाची गती त्यामुळे संथ आणि चित्रपट मोजकेच.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेली फळीच बाहेर पडली. याच दामले-फत्तेलाल जोडीच्या ‘संत तुकाराम’ची व्हेनिसच्या महोत्सवात दखल घेतली गेली. गुरूच्या दारातून निघालेल्या वाटा दूरवर गेल्या, पण गुरूची कंपनी बोलपटाच्या उंबरठ्यावर बंद पडली.

बोलपटाबद्दल बाबूरावांना फारसे प्रेम नव्हते. इतक्या कष्टाने घडवलेली चित्रांची भाषा आवाजाच्या गलक्यात हरवेल, अशी त्यांना धास्ती होती. तरी त्यांनी ‘उषा’ (१९३५), बोलका ‘सावकारी पाश’ (१९३६), ‘प्रतिभा’ (१९३७) असे चित्रपट केले. शांताराम यांच्या ‘राजकमल’साठी १९४७च्या ‘लोकशाहीर रामजोशी’तही त्यांचा हात होता. उरलेला काळ त्यांनी रंग आणि मातीत, चित्रे व शिल्पे करण्यात घालवला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

आजच्या ग्राफिक कादंबरीशी याचा काय संबंध?

मराठी भयकथेकडे रूपांतरासाठी मोठा ठेवा आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांनी काही पिढ्यांची झोप उडवली. ‘चांदोबा’तला राजा विक्रम, त्याच्या खांद्यावरचा वेताळ आणि मागचे स्मशान हे चित्रकार शंकर यांचे चित्र तर घराघरांत पोहोचले होते. ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाचे बीज धारपांच्या कथेतले. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी त्यासाठी सुमारे ७०० पानांचा स्टोरीबोर्ड काढला होता. म्हणजे पडद्यावर येण्याआधी ही कथा कागदावर चौकटीचौकटीने रंगून झाली होती.

परदेशातही चित्रकारांनी निरनिराळी उत्तरे शोधली. अर्जेंटिनाचे अल्बेर्तो ब्रेच्चिया यांनी १९७०च्या दशकात लव्हक्राफ्टच्या कथा चितारल्या. ज्याचे वर्णनच करता येत नाही असे लेखक म्हणतो, ते त्यांनी शाईचे डाग आणि चिकटवलेल्या कागदांच्या तुकड्यांतून सुचवले. जपानचे जुनजी इतो यांनी ‘फ्रँकेन्स्टाइन’ चितारताना उलट बारीक रेषांनी सगळे तपशील दाखवले. एक वाट ‘सावकारी पाश’च्या कुत्र्याची, दुसरी ‘सैरंध्री’च्या कीचकाची.

बाबूरावांच्या कामातून नव्या चित्रकाराला तीन धडे घेता येतात. पहिला, आधी जागा खरी करा. वाडा, परसातली विहीर, माजघर ओळखीचे झाले की त्यातला फरक आपोआप भिववतो. दुसरा, कथेत उजेड कुठून येतो हे लेखकाने सांगितले नसले तरी चित्रकाराने ठरवलेच पाहिजे. तिसरा, सगळे दाखवायची ताकद आहे म्हणून सगळे दाखवायलाच हवे असे नाही.

त्यांच्या कामातले आज काय उरले आहे?

फारच थोडे. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही रसायनाची होती. ती जळली, कुजली, काही ठिकाणी भंगारात गेली. ‘सैरंध्री’ आज पाहायला मिळत नाही. मूक ‘सावकारी पाश’ही नाही. ‘मुरलीवाला’सारख्या मूकपटाचे काही भाग आणि ‘प्रतिभा’सारखा एखादा बोलपट, एवढ्यावर अभ्यासकांना भागवावे लागते. कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याच्या आकाराचा स्मृतिस्तंभ उभा आहे. कंपनीच्या स्थापनेच्या स्मृतीनिमित्त दरवर्षी १ डिसेंबरला तिथे चित्रपट व्यावसायिक जमतात.

हलणारी चित्रे गेली, पण पोस्टर, छायाचित्रे, त्या काळच्या प्रेक्षकांच्या आठवणी असा काही ऐवज शिल्लक आहे. उद्या एखाद्या चित्रकाराने विराटाच्या नृत्यशाळेतली ती रात्र किंवा आपटे यांच्या शेतकऱ्याची ती झोपडी चौकटींमध्ये मांडायला घेतली, तर त्याला नक्कल करायला मूळ चित्रपट मिळणार नाही. त्याला मूळ साहित्य पुन्हा वाचावे लागेल, कोल्हापूरच्या जुन्या वाड्यांत जाऊन अंधार कुठे साठतो ते पाहावे लागेल आणि पहिल्या चौकटीत काय लपवायचे हे स्वतःच ठरवावे लागेल.